काशीचे घाट आणि हातातला कॅमेरा

काशीक्षेत्र आणि महाराष्ट्र यांचा ऋणानुबंध किती जुना आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. मूळच्या पैठणच्या घराण्यातील नारायणभट्ट सोळाव्या शतकात येथील विद्वत्सभेत अग्रस्थानी होते. संत एकनाथांनी आपल्या भागवताची सांगता १५७३ साली याच क्षेत्री केली. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी गागाभट्ट येथूनच रायगडी गेले. पुढे अठराव्या शतकात पेशवे, होळकर, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी गंगेच्या काठी घाट बांधविले, मंदिरे उभारली. अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे मंदिर १७८० साली पुन्हा उभे केले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या परिसरात मराठी घरे वसली आणि पिढ्यान्‌पिढ्या नांदली. आपल्या मुलखापासून दूर राहूनही मराठीपण जपण्याचा एवढा दीर्घ प्रयोग क्वचितच दुसरीकडे कोठे झाला असेल.

या इतिहासाची लिखित साधने म्हणजे बखरी, दानपत्रे, वंशावळी आणि पत्रव्यवहार. त्यांविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याहून धाकट्या आणि काहीशा उपेक्षित अशा एका साधनाचा आहे. ते साधन म्हणजे छायाचित्र. मराठी मंडळींच्या कोणत्याही मेळाव्यात दोन-चार हौशी छायाचित्रकार एका कोपऱ्यात जमलेले असतातच, आणि त्यांचा वादही ठरलेलाच असतो. कॅमेरा हातात धरून फोटो घ्यावा की तिपाईवर बसवून घ्यावा? आणि हातात धरून घेतलेला फोटो हलत असेल, तर दोष हाताचा की कॅमेऱ्याचा? दोष कॅमेऱ्याचा असेल तर जुना टाकून नवा घ्यावा काय? वाद किरकोळ भासतो. परंतु काशीच्या चित्रांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या दोन प्रश्नांभोवतीच फिरत आला आहे, हे थोडे बारकाईने पाहिल्यास ध्यानात येईल. त्या इतिहासाने दिलेले उत्तर आजच्या हौशी मंडळींनाही उपयोगी पडण्यासारखे आहे.

तिपाईचे युग

कॅमेरा अवतरण्यापूर्वी काशीचे सर्वांत तपशीलवार चित्रण केले ते जेम्स प्रिन्सेप यांनी. ब्राह्मी लिपीच्या वाचनामुळे अजरामर झालेला हा विद्वान १८२० ते १८३० या काळात काशीच्या टांकसाळीत अधिकारी होता. त्याने रेखाटलेली घाटांची, गल्ल्यांची आणि उत्सवांची चित्रे १८३० नंतरच्या काही वर्षांत शिळाछापावर प्रसिद्ध झाली. फावल्या वेळात केलेले हे काम होते. काशीच्या चित्रमय इतिहासाचा पहिला मोठा अध्याय एका हौशी माणसाने लिहिला, ही गोष्ट येथे नमूद करून ठेवण्यासारखी आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि काही महिन्यांतच तिची वार्ता हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद आणि स्वतः कुशल छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचे वर्ग निघाले आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे मराठी व्यावसायिक छायाचित्रकार त्याच काळात पुढे आले. म्हणजे या कलेशी मराठी माणसाचा परिचय तिच्या बाल्यावस्थेपासूनचा आहे.

उत्तर हिंदुस्थानात या कलेचे आरंभीचे एक नामांकित उपासक होते आग्र्याचे सरकारी डॉक्टर जॉन मरे. तेही पेशाने छायाचित्रकार नव्हते. मेण लावलेल्या मोठ्या कागदी निगेटिव्हांवर त्यांनी ताजमहालापासून काशीच्या घाटांपर्यंतची दृश्ये टिपली. त्यांच्यानंतर आले सॅम्युअल बोर्न. नॉटिंगहॅमच्या एका बँकेतील नोकरी सोडून ते १८६३ साली या देशात दाखल झाले आणि १८६५-६६ च्या सुमारास त्यांनी काशीतील मणिकर्णिकेजवळच्या मंदिरांची छायाचित्रे घेतली. त्यांची पद्धत ओल्या काचेची होती. काचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, तो ओला असेतोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन ते धुवावयाचे. कॅमेरा पेटीएवढा, काचा बारा इंच लांबीच्या, रसायनांच्या बाटल्या, तंबू आणि पाणी! हिमालयातील प्रवासांत बोर्न यांच्याबरोबर चाळिसाहून अधिक हमाल असत. असला कॅमेरा हातात धरण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. भर उन्हातही काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे.

या मर्यादेचे परिणाम त्या चित्रांत स्पष्ट दिसतात. गंगेचे पाणी आरशासारखे गुळगुळीत दिसते, कारण त्या काही सेकंदांत लाटा एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. घाटावर माणसे विरळ दिसतात. जी चालत होती ती धुक्यासारखी पुसली गेली, जी स्वस्थ बसली होती तीच उरली. स्नानाची गर्दी, नावाड्यांची लगबग, पायऱ्या उतरणाऱ्या बायका, यांपैकी काहीही त्या काचेवर आले नाही. आले ते केवळ दगड.

परंतु दगड मात्र असे आले, की आज दीडशे वर्षांनंतरही ते साक्ष देतात. मणिकर्णिकेच्या शेजारी शिंदेघाटाच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. ते आज सुमारे नऊ अंशांनी कललेले आहे आणि त्याविषयी नाना दंतकथा प्रचलित आहेत. मातेचे ऋण फेडल्याचा अभिमान मिरविणाऱ्या पुत्राला मिळालेला शाप, ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. १८६० च्या दशकातील छायाचित्रांत मात्र हे मंदिर सरळ उभे दिसते. त्याअर्थी ते पुढे केव्हातरी कलले असले पाहिजे. शेजारचा शिंदेघाट बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. तोही आपल्याच भाराने खचला आणि विसाव्या शतकात पुन्हा बांधावा लागला. कोणती इमारत कोणत्या काळापर्यंत सरळ होती, याचा निवाडा दंतकथा करू शकत नाही. तो त्या तिपाईवरच्या कॅमेऱ्याने केला.

पंचगंगा घाटावरील धरहऱ्याचेही तसेच. औरंगजेबाच्या काळातील मशिदीचे ते दोन उंच मिनार प्रिन्सेपच्या चित्रांत आहेत, एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत आहेत, आणि काशीच्या आकाशरेषेची ती मोठी खूण होती. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांपैकी एक कोसळला. दुसरा धोकादायक म्हणून उतरविण्यात आला. पंचगंगेच्या आसपास वाढलेल्या आजच्या मराठी मुलांना ते मिनार ठाऊक आहेत ते केवळ चित्रांतून.

कॅमेरा हातात आला

तिपाईपासून कॅमेऱ्याची सुटका झाली ती एका रासायनिक शोधामुळे. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात मिळू लागल्या. त्या अधिक संवेदनशील होत्या. सेकंदाच्या पंचविसाव्या भागातही चित्र उमटू लागले. एवढ्या अल्प काळात हात फारसा हलत नाही. कॅमेरा हातात धरता येऊ लागला तो या कारणाने. १८८८ साली ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा काढला. आत शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे आणि ती संपली, की सबंध कॅमेराच कारखान्याकडे धाडावयाचा. १९०० साली आलेला ब्राउनी तर एका डॉलरला मिळू लागला. १९२५ साली जर्मनीतील लायका हा लहानसा कॅमेरा बाजारात आला. त्याचा निर्माता ऑस्कर बार्नाक दम्याने त्रस्त होता आणि डोंगर चढताना जड कॅमेरा वाहणे त्याला झेपत नसे, असे सांगतात. छातीवर लटकविता येईल असा, छत्तीस चित्रांचा हा कॅमेरा गर्दीत शिरू शकत होता, नावेत बसू शकत होता, गल्लीबोळांत वळू शकत होता. काशीची माणसे चित्रात हलू लागली ती येथपासून.

याच काळात काशीत येऊन राहिलेल्या एका मराठी माणसाची कहाणी या विषयाशी निगडित आहे. दादासाहेब फाळके हे चित्रपटाचे जनक म्हणून सर्वश्रुत आहेत. परंतु चित्रपटापूर्वी ते छायाचित्रकार होते. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या फाळक्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, गोध्र्यास फोटोचा व्यवसाय मांडला आणि पुढे पुराणवस्तू खात्यातही काम केले. १९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांच्या मनात नवे वेड शिरले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. त्यानंतर त्यांनी काय केले, हे मात्र कॅमेरा बदलण्याच्या वादात पडणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावे. त्यांनी प्रथम एक स्वस्तातला लहान कॅमेरा आणि काही रिळे मिळविली. रात्रंदिवस त्यांवर प्रयोग केले, इतके, की काही काळ दृष्टी गमावण्याची पाळी आली. आपले कोठे अडते आहे हे पुरते समजल्यानंतरच विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले आणि तेथून विल्यम्सन कॅमेरा घेऊन आले.

त्या नव्या कॅमेऱ्याने प्रारंभी त्यांनी काय टिपले? कुंडीतला वाटाणा! महिन्याहून अधिक काळ कॅमेरा त्या रोपासमोर मांडून त्यांनी अंकुराची वाढ चित्रित केली आणि ती सुमारे एका मिनिटात पडद्यावर दाखविली. ती पाहूनच भांडवल पुरविणाऱ्यांचा विश्वास बसला. विल्यम्सन कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवावे लागे, त्यामुळे तिपाई अपरिहार्य होती. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये कथेचा कळस काशीच्या स्मशानात आहे, पण तो कॅमेरा फिरला तो दादर आणि वांगणी येथे. फाळके स्वतः काशीला आले ते पुढे, आपल्या कंपनीतील भागीदारांशी मतभेद होऊन १९१९ साली बाहेर पडल्यावर. कुटुंबासह ते येथे राहिले. या गंगाकाठी त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते पुन्हा चित्रपटाकडे वळले. जुन्या यंत्राची परिसीमा गाठल्यावाचून नव्याकडे न जाणे आणि मन थाऱ्यावर नसता यंत्र बाजूला ठेवणे, हे दोन्ही धडे त्यांच्या चरित्रात आहेत.

घरोघरचा कॅमेरा आणि हललेले फोटो

स्वातंत्र्यानंतरच्या काळात परदेशी कॅमेऱ्यांवर आयातीचे कडक निर्बंध होते. सामान्य मध्यमवर्गीय घरात कॅमेरा आला तो देशातच तयार झालेला. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने काढलेला आग्फा क्लिक थ्री हा त्यांतील सर्वांत परिचित. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदु’ फिल्मही पुढे मिळू लागली. लग्न, मुंज, गणेशोत्सव आणि काशीयात्रा यांचे असंख्य फोटो या साध्या काळ्या डब्याने घेतले आहेत. एका गुंडाळीत बारा फोटो. त्यामुळे प्रत्येक फोटो विचार करून घेतला जाई.

आज स्मरणिकेसाठी असे फोटो मोठे करावयास काढले, की अनेकांचा हिरमोड होतो. आजोबांचा चेहरा हललेला, घाटाच्या पायऱ्या दुहेरी उमटलेल्या. यामागील कारण गणिताचे आहे. हातात धरून फोटो घेताना शटरचा वेग किती असावा, याचा एक जुना ठोकताळा आहे. भिंगाचे नाभीय अंतर जितके मिलिमीटर, तितक्या अंशाहून शटर सावकाश नसावे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला निदान पन्नासावा भाग. दोनशेच्या भिंगाला दोनशेवा भाग. लांबचे जवळ आणणारे भिंग हाताचा कंपही जवळ आणते, हे त्याचे मर्म. आता क्लिक थ्रीचे नाभीय अंतर सुमारे ७२ मिलिमीटर आणि शटर एकच, सुमारे सेकंदाच्या तिसाव्या भागाचे. म्हणजे तो कॅमेरा मुळातच या नियमाच्या अलीकडे थांबला होता! त्या काळी हे कोणाला जाणवले नाही, कारण फोटो निगेटिव्हच्याच आकाराचे, सव्वादोन इंची छापले जात. एवढ्याशा कागदावर हात हलल्याचे कळत नाही. मोठा केला की कळते. फोटो हलला आहे की नाही, हे तो किती मोठा करून पाहतो यावरही अवलंबून असते, ही गोष्ट नव्या कॅमेऱ्यासाठी उतावीळ झालेल्यांनी विसरू नये.

तरीही त्याच क्लिकने घेतलेले काही फोटो आश्चर्यकारक स्वच्छ निघतात. ते घेणाऱ्या हातांना स्थिर राहण्याची कला अवगत होती. पाय किंचित फाकवून उभे राहावे, कोपरे बरगड्यांना टेकवावीत, अर्धा श्वास सोडून थांबावे आणि बटण झटक्याने न दाबता हलकेच आत ढकलावे. घाटावरील छत्रीचा खांब, बुरुजाची कड, नावेची डोलकाठी, देवळाची चौकट, जे मिळेल त्याला टेकावे. छातीशी धरावयाच्या कॅमेऱ्याचा पट्टा मानेशी ताणून धरला, तर कंप कमी होतो. सुतळीचे एक टोक कॅमेऱ्याच्या खालच्या स्क्रूला बांधून दुसरे पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ताणून धरावा, ही युक्ती तर फुकटची तिपाईच होय.

तिपाईचे भक्त येथे म्हणतील, की एवढा खटाटोप कशाला? त्यांना काशीच्या नावेत बसविले पाहिजे. गंगा येथे उत्तराभिमुख वळते आणि घाट पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत. म्हणून त्यांच्यावर सरळ प्रकाश पडतो तो सकाळी आणि त्यांचे समग्र दर्शन घडते ते पाण्यावरून. हेलकावणाऱ्या नावेत तिपाई लावली, तर नावेचा प्रत्येक धक्का थेट कॅमेऱ्यात पोहोचतो. उलट हातात धरलेला कॅमेरा माणसाच्या गुडघ्यांनी आणि कमरेने तोलला जातो. शरीर ते धक्के गिळते. याउलट विश्वनाथाच्या अंधाऱ्या गल्लीत किंवा माघातल्या धुक्याच्या पहाटे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तिपाईसारखा मित्र नाही. मात्र अरुंद गल्लीत तिचे तीन पाय येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आणि गाईगुरांच्या वाटेत येतात, हेही तितकेच खरे. वादाचा निकाल सरसकट लागत नाही. पायाखाली काय आहे, यावर तो ठरतो.

मोठ्यांची उदाहरणे

१९५६ साली सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ प्रदर्शित झाला. घाटांची दृश्ये काशीत चित्रित झाली. परंतु काशीतील जुन्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. आपल्या वाड्यांच्या चौकाप्रमाणेच अशा घरांत प्रकाश येतो तो वरच्या आकाशातून, मऊ आणि सावलीविरहित. छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्यासाठी सेटवर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून परावर्तित प्रकाशात चित्रण केले. ही पद्धत पुढे जगभर नावाजली गेली. काशीतील घराचा प्रकाश समजून घेण्याची निष्ठा आणि एक कापड, एवढीच त्या शोधाची सामग्री होती.

रघुबीर सिंग यांनी काशीची रंगीत छायाचित्रे अनेक वर्षे घेतली आणि १९८७ साली त्यांचा काशीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हातातला पस्तीस मिलिमीटरचा लहान कॅमेरा आणि कोडाक्रोम फिल्म, हे त्यांचे साहित्य. कोडाक्रोम ही मंद फिल्म होती. आजच्या कॅमेऱ्यांच्या मानाने तिला प्रकाश फार लागे. त्या मर्यादेतच गल्लीतील गर्दी, पूर, मल्ल, मृत्यू आणि उत्सव यांची चित्रे त्यांनी हाताने घेतली. एका स्थळी पुन्हा पुन्हा जाणे, तेथला प्रकाश कोणत्या प्रहरी कसा पडतो हे पाठ असणे, हे त्यांचे खरे भांडवल होते.

नवा कॅमेरा केव्हा घ्यावा?

म्हणून नवे यंत्र निरुपयोगी आहे, असे प्रतिपादन करण्याचा आमचा हेतू नाही. तसे म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. कोरडी काच आली नसती, तर काशीची माणसे चित्रात आलीच नसती. १९९५ च्या सुमारास हाताचा कंप भिंगातच सावरणाऱ्या यंत्रणा बाजारात आल्या आणि पुढे त्या कॅमेऱ्याच्या अंगातही बसविण्यात आल्या. पूर्वी ज्या फोटोला साठावा भाग लागे, तो आज आठव्या भागाने, क्वचित अर्ध्या सेकंदानेही हातातून स्वच्छ घेता येतो. शंभर संवेदनशीलतेच्या फिल्मच्या जागी आजचा कॅमेरा सहा हजार चारशे लावून चौसष्टपट कमी प्रकाशात काम करतो. दृष्टी अधू झालेल्या किंवा हात कापू लागलेल्या वडीलधाऱ्यांना हे वरदानच आहे. त्यांच्यापैकी कोणी नवा कॅमेरा घेऊ म्हटले, तर घरच्यांनी त्यांना अडवू नये.

परंतु ही यंत्रणा सावरते तो आपला हात. समोरच्या माणसाला ती थांबवू शकत नाही. दशाश्वमेधावरील सायंआरतीत अर्ध्या सेकंदाचा फोटो घेतला, तर घाटाचा दगड स्वच्छ येईल आणि आरती फिरविणारा हात मात्र ज्योतीच्या रेषेत विरून जाईल, अगदी बोर्नच्या काचेवर माणसे विरून गेली तसाच. दीडशे वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो! तेथे प्रकाश अधिक घेणारे भिंग हवे. क्लिकचे भिंग एफ ८.८ चे होते. एफ २ चे साधे पन्नास मिलिमीटरचे भिंग त्याच्या सुमारे एकोणीसपट प्रकाश आत घेते. कित्येकदा नवा कॅमेरा घेण्याऐवजी असे एक भिंग घेतल्याने काम भागते, आणि खर्चही आटोपशीर राहतो.

तेव्हा निकष असा असावा. आपले शेवटचे शंभर फोटो समोर मांडावेत आणि जे बिघडले ते का बिघडले, हे प्रामाणिकपणे पाहावे. हात हलला असेल, तर प्रथम खांबाला टेकावे. माणूस हलला असेल, तर भिंगाचा विचार करावा. उभे राहण्याची जागा चुकली असेल, तर पहाटे लवकर उठावे. त्याला कोणत्याही दुकानात औषध नाही. इतके करूनही यंत्रच आड येत असेल, तर फाळक्यांप्रमाणे खुशाल नवे आणावे.

बदलाचा आणखी एक पैलू आहे, आणि तो आपल्या घरच्या कपाटातच दिसतो. १९७० नंतर हळूहळू घराघरांत काळे-पांढरे फोटो मागे पडून रंगीत आले. ती त्या काळची मोठी सुधारणा होती. आज अल्बम उघडून पाहावा. १९५५ सालचा काळा-पांढरा फोटो बहुधा अजून स्वच्छ आहे. त्या काळातील पुष्कळ रंगीत फोटो मात्र लालसर होऊन विटले आहेत, चिकट पानांच्या अल्बममधले तर पानांनाच चिकटून बसले आहेत. आणि गेल्या काही वर्षांतले? ते एखाद्या बिघडलेल्या मोबाइलमध्ये किंवा संगणकाच्या बंद पडलेल्या पेटीत अडकले आहेत. प्रत्येक नव्या यंत्राने चित्र घेणे सुलभ केले. ते जपणे सुलभ होईलच, याची हमी कोणीही दिली नाही.

जे उरले ते

काशीत हा प्रश्न केवळ भावनेचा राहिलेला नाही. विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतचा प्रशस्त परिसर सिद्ध करण्यासाठी तेथील जुनी घरे संपादन करून पाडण्यात आली आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी नव्या परिसराचे उद्घाटन झाले. यात्रेकरूंची सोय झाली, काही जुनी देवळेही मोकळी झाली. परंतु ज्या गल्ल्यांतून आपल्या पूर्वजांनी विश्वेश्वराच्या दर्शनाची वाट तुडविली, त्यांतील कित्येक आता नाहीत. त्यांचे वळण कसे होते, कोणाच्या ओसरीवर कोणता दगडी खांब होता, हे सांगण्यास आता उरले आहेत ते फोटो. यात्रेला आलेल्या मराठी कुटुंबाने आजीला उंबरठ्यावर बसवून घेतलेला हललेला, तिरका फोटोही आज त्या गल्लीचा दस्तऐवज ठरू शकतो. १९७८ चा महापूर, सण, कीर्तने, मंगळागौरी, यांचेही तसेच. हौशी माणसाने घेतलेल्या चित्राच्या पार्श्वभूमीत पुष्कळदा इतिहास उभा असतो, आणि घेणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

मात्र अशा फोटोचा दस्तऐवज होतो तो एकाच अटीवर. तो कोठे, केव्हा घेतला आणि त्यात कोण आहे, हे ठाऊक असले पाहिजे. रत्नेश्वराच्या मंदिराविषयी आपण काही निश्चित बोलू शकतो ते त्या छायाचित्रांचा काळ ज्ञात आहे म्हणून. काळ अज्ञात असता, तर तीही केवळ सुंदर चित्रे राहिली असती. आपल्या घरातील ऐंशी वर्षांच्या माणसाला आज ज्या चेहऱ्यांची नावे आठवतात, ती आणखी दहा वर्षांनी सांगणारे कोणी असेलच असे नाही.

यास्तव मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सर्व कुटुंबांना एक विनंती करावीशी वाटते. कॅमेरा कोणता घ्यावा, याची चर्चा अवश्य करावी. पण त्याआधी एक रविवार जुन्या अल्बमसाठी काढावा. घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे. प्रत्येक फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, शाईने नव्हे, साल, स्थळ आणि नावे लिहावीत. साल निश्चित आठवत नसेल, तर कोणाच्या लग्नापूर्वी आणि कोणाच्या मुंजीनंतर, एवढे तरी लिहावे. इतिहासकाराला तेवढ्यानेही मार्ग सापडतो. चिकट अल्बममधील फोटो, निघत असतील तर, हलक्या हाताने सोडवून साध्या कागदात ठेवावेत. निगेटिव्हा फेकू नयेत. त्या फोटोपेक्षाही मोलाच्या आहेत. संगणकावर प्रती उतरवाव्यात आणि त्या एकाच घरात न ठेवता दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. नव्या फोटोंपैकी दरवर्षी निदान पंचवीस-तीस कागदावर छापून घ्यावेत.

मुलखापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांची घरे बदलतात, गावे बदलतात, मुलांची भाषाही हळूहळू बदलते. वाडे आणि घाट बांधून ठेवण्याचे सामर्थ्य शिंदे-होळकरांपाशी होते. ते आपल्यापाशी नाही. परंतु आपण येथे होतो, असे होतो, या माणसांसह होतो, एवढे सांगणारा कागद मागे ठेवणे प्रत्येकाच्या हाती आहे. तो कागद कोणत्या कॅमेऱ्यातून आला, हे पन्नास वर्षांनंतर कोणी विचारणार नाही. मंडळाच्या हीरकमहोत्सवी आणि शतकमहोत्सवी स्मरणिकांच्या संपादकांना असे कागद, पाठीमागच्या अक्षरांसह, विपुल मिळोत, हीच काशीविश्वेश्वराच्या चरणी प्रार्थना.